८३ कोटी भागिले ५१८५

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. ऑफिसात डबा उघडून बसलो होतो तेवढ्यात काकांचा फोन. काका सहसा ऑफिसच्या वेळात फोन करत नाहीत, त्यामुळे जरा धसकाच घेतला.

"वाचलंस का? बच्चनने ओशिवऱ्याचा फ्लॅट काढला. त्र्याऐंशी कोटी!"

"बरं मग?"

"बरं मग काय! आपल्याकडून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे ती बिल्डिंग. तू मला त्यातून स्क्वेअर फुटाचा रेट काढून दे बघू."

काका-काकूंचा अंधेरी पश्चिमेला ५८० फूट कार्पेटचा जुना टू बीएचके. तो विकून पुण्याला, माझ्या चुलतबहिणीच्या जवळ राहायला जायचं असं कधीपासून चाललं होतं. पुण्यात फ्लॅट बुकही झाला होता. ऑक्टोबरात पझेशन, आणि शेवटचा मोठा हप्ता अंधेरीच्या पैशातून जायचा होता. कोणी आकडा मागितला की एक्सेल उघडल्याशिवाय मला राहवत नाही (धंद्याची खोड). ८३ कोटी भागिले ५१८५ केलं, उत्तर आलं १ लाख ६० हजार रुपये फूट. काकांना कळवलं आणि वर शहाणपणा म्हणून लिहिलं, "तुमच्या जुन्या बिल्डिंगचा याच्या एक तृतीयांश धरा." म्हणजे ३ कोटी १० लाखाच्या आसपास.

एक तृतीयांशच का? काही कारण नाही. मला वाजवी वाटलं. सॉफ्टवेअरमधे याला मॅजिक नंबर म्हणतात आणि ज्युनिअर पोरांनी कोडमधे असला आकडा ठेवला तर मी स्वतः त्यांना झापतो. असो. त्या भागाकाराचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी त्या १ लाख ६० हजाराकडे बघू.

विकलेलं घर म्हणजे अटलांटिस नावाच्या इमारतीतलं डुप्लेक्स. पेंटहाऊस म्हणा हवं तर. कार्पेट ५१८५ फूट. हा आकडा सगळ्यांनी वाचला, मीही वाचला. त्याच बातमीत दोन ओळी खाली लिहिलं होतं की घराला साधारण ४८०० फुटांची गच्ची आहे आणि सहा गाड्यांचं पार्किंग आहे. मी त्या दोन ओळी वाचल्या नव्हत्या, डबा गार होत होता.

आता गंमत बघा. रेराच्या व्याख्येप्रमाणे खाजगी उघडी गच्ची कार्पेटमधे धरत नाहीत. कागदावर बरोबरच आहे ते. पण मुंबईत ४८०० फूट आकाश ज्याला मिळणार आहे तो काय ते फुकट म्हणून घेतो? गच्ची पूर्ण भावाने धरली तर तोच रेट ८३ हजारावर येतो. निम्म्या भावाने धरली तर १ लाख ९ हजार. अजिबात नाही धरली तर १ लाख ६० हजार. एकाच घराचे तीन रेट, आणि गणित म्हणून तिन्ही बरोबर. काकांच्या फ्लॅटला गच्ची नाही. बाल्कनी आहे, त्यात वॉशिंग मशीन आहे.

क्षेत्रफळाचा असा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमधलं पेंटहाऊस आठवा. तिथे त्या घराची किंमत काढताना अनेक वर्षं क्षेत्रफळ ३० हजार चौरस फूट धरलं होतं. प्रत्यक्षात ते ११ हजाराच्या आतबाहेर निघालं. त्या हिशेबाने २०१५ च्या ताळेबंदात घराची किंमत ३२७ मिलियन डॉलर लागली होती (मिलियन म्हणजे दहा लाख). न्यूयॉर्कच्या कोर्टाच्या सप्टेंबर २०२३ च्या निकालात हे सगळं आहे. मोठ्या घराची किंमत म्हणजे रेट गुणिले फूट, आणि दोन्हीत हात घालायला जागा असते, एवढाच माझा मुद्दा.

परत ओशिवऱ्याला येऊ. बातमीचा मथळा खरं तर ८३ कोटींपेक्षा "१६८ टक्के फायदा" हा होता. विकत घेतलं होतं ३१ कोटींना. पण कधी घेतलं ते बघा. डिसेंबर २०२०. नोंदणी एप्रिल २०२१ मधे झाली, पण मुद्रांक शुल्क भरलं ६२ लाख, म्हणजे बरोब्बर दोन टक्के. कोविडमधे घरं विकली जावीत म्हणून महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांपुरता पाचाचा दर दोनावर आणला होता ना, तोच. सरकारला सूट द्यावी लागली म्हणजे बाजाराची अवस्था काय होती ते कळतंच. लोक भाजी धुवून घेत होते, ५००० फुटांचा डुप्लेक्स कोण घेणार! चार वर्षांनी जो नवा मालक आला त्याने त्याच घरावर शुल्क भरलं ४ कोटी ९८ लाख, सहा टक्क्यांनी.

वर्षाला २७ टक्क्यांच्या आसपास वाढ पडते ही. माझ्या मते त्यात बच्चन या नावाचा वाटा फार थोडा आहे. बाकी सगळं डिसेंबर २०२० या तारखेचं कर्तृत्व आहे. अगदी पडत्या बाजारात ३१ कोटी मोकळे असणं हेच खरं भांडवल. ते ज्याच्याकडे होतं त्याचं नाव पाटील असतं तरी घर ८३ च्या आसपासच गेलं असतं. फक्त पाटलांची बातमी झाली नसती, आणि काकांचा फोन आला नसता.

(अजून एक आकडा राहवत नाही म्हणून. हेच घर नोव्हेंबर २०२१ पासून क्रिती सॅननला महिना १० लाख भाड्याने दिलं होतं. वर्षाचे झाले १ कोटी २० लाख. ३१ कोटींवर ते जवळजवळ चार टक्के पडतात, ८३ कोटींवर दीड टक्कासुद्धा नाही. भाड्याचा आणि किमतीचा काडीमोड झालेला आहे.)

आता मला खरं खटकलं ते सांगतो. आपल्याला ८३ कोटी कळले कसे? नोंदणीच्या कागदांवरून. सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, कोणालाही बघता येतो. मालमत्तेच्या वेबसाईटी चालवणाऱ्या कंपन्या तो डेटा गोळा करतात, त्यात नटनट्यांची नावं सापडली की प्रेसनोट काढतात, आणि बातमीत "अमुक कंपनीने मिळवलेल्या कागदपत्रांनुसार" असं छापून येतं. नट घराची जाहिरात करत नाही, घर विकून मोकळा झालेला असतो. जाहिरात होते ती वेबसाईटची. फुकटात, आणि पार पहिल्या पानावर. मला यात गैर काही वाटत नाही, डोकं आहे त्यांचं. पण ती बातमी आहे असं समजून आपण वाचतो.

आणि त्या कागदावर असतो फक्त शेवटचा आकडा. आधी किती मागितले होते, किती पार्ट्या येऊन गेल्या, किती महिने पडून होतं, कुठे किती खाली यावं लागलं, यातलं काहीही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर शेवटचा कमिट दिसतो, मधला सगळा लॉग गायब. शिवाय जे विकलंच गेलं नाही त्याचा इंडेक्स टू निघतच नाही. मुंबईत कितीतरी पेंटहाऊसं "योग्य गिऱ्हाईकाची" वाट बघत बसलेली असतील, ती आपल्याला कधीच दिसत नाहीत. दिसतात ती फक्त पास झालेली पोरं.

पूर्ण लॉग बघायचा असेल तर न्यूयॉर्कला जायला पाहिजे. तिथे विकायला काढलेलं घर स्ट्रीटईझी नावाच्या साईटवर येतं आणि त्याचा इतिहास कायम तिथे राहतो. कधी काढलं, किती मागितले, कधी कमी केले, कधी मागे घेतलं, परत कधी काढलं. ब्रोकर लोक हे पुसायला धडपडतात, घर काढून घेतात आणि नव्याने टाकतात, पण जुनं चिकटलेलं असतंच.

त्यातला माझा सगळ्यात आवडता लॉग डेमी मूरचा. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला सॅन रेमो नावाची १९३० ची इमारत आहे, दोन मनोरेवाली, सिनेमात हमखास दिसते ती. तिच्या दक्षिणेकडच्या मनोऱ्यातलं तीन मजली पेंटहाऊस तिने आणि ब्रूस विलिसने (डाय हार्डवाला) १९९० मधे घेतलं. एप्रिल २०१५ मधे तिने ते विकायला काढलं, ७५ मिलियन डॉलरला. सोबत तळमजल्यावरचं एक दोन बेडरूमचं घरही होतं, नोकरमाणसं किंवा पाहुण्यांसाठी. गवगवा प्रचंड झाला. मधे किंमत ५९ झाली. २०१७ मधे शेवटी गेलं ४५ ला. म्हणजे मागितलेल्याच्या साठ टक्के.

७५ कुठून आले असतील? माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. आदल्याच वर्षी, २०१४ मधे, ७४० पार्क अव्हेन्यूमधलं फ्रेंच सरकारच्या मालकीचं घर ७१ मिलियनच्या वर गेलं होतं. सॅन रेमोसारख्या, म्हणजे को-ऑप प्रकारच्या इमारतींत तो उच्चांक होता. मग आपलं ७५. मनोरा आहे, पार्क आहे, शिवाय डेमी मूर आहे. थोडक्यात, शेजारच्याला किती मिळाले त्यावरून काढलेला आकडा. काकांनी आणि मी मिळून जे केलं तेच, फक्त डॉलरमधे :)

आता को-ऑप म्हणजे आपली सोसायटीच. घर मालकीचं नसतं, शेअर्स असतात. फक्त तिथली कमिटी आपल्या सेक्रेटरीपेक्षा हजारपट खडूस. तुमचे सगळे आर्थिक कागद बघते, मुलाखत घेते, आणि कारण न देता नाही म्हणू शकते. याच सॅन रेमोने १९८५ मधे मडोनाला नाकारलं होतं. म्हणजे विचार करा, जे नाव जाहिरातीत सगळ्यात वर छापायचं, त्याच प्रकारचं नाव असलेला माणूस विकत घ्यायला आला तर कमिटी तोंड वाकडं करणार. गर्दी गोळा करायची एका गोष्टीने, आणि आत घ्यायचं बरोबर उलट गोष्ट बघून.

जेनिफर लोपेझचा लॉग जास्त लांब आहे. मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोरच्या व्हिटमन या छोट्या इमारतीतलं पेंटहाऊस. २०१४ मधे घेतलं २०.१६ मिलियनला. २०१७ मधे विकायला काढलं २६.९५ ला. मग काढून घेतलं, परत टाकलं, असं करत करत सात वर्षं. नंतरचा मागितलेला आकडा होता २४.९९. हा आकडा बघून मला बाटाच्या चपला आठवल्या, पण यात थोडं डोकंही आहे. न्यूयॉर्कमधे महाग घर घेणाऱ्याला एक वेगळा कर पडतो, त्याला चक्क मॅन्शन टॅक्स म्हणतात. २०१९ पासून २५ मिलियनला तो ३.९ टक्के होतो, त्याच्या एक पायरी खाली पावणेचार. असो. २०२४ मधे घर गेलं २३ ला. दहा वर्षांत चौदा टक्के वाढ. त्याच काळात अमेरिकेतली महागाई तीस टक्क्यांहून जास्त वाढली. ब्रोकरेज, दहा वर्षांचा मेंटेनन्स, कर हे धरलंच नाही मी. आणि ही बाई जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बायकांपैकी एक!

जॉन बॉन जोव्हीने मात्र फायदा काढला. सोहोमधलं पेंटहाऊस २००७ मधे २४ ला घेऊन २०१५ मधे ३४ ला विकलं. पण २०१३ मधे मागितले होते ४२. (मान्य, तिन्ही उदाहरणं मी माझ्या सोयीची निवडली आहेत. पटापट विकली गेलेली घरंही असतील. पण "सेलिब्रिटीचं घर म्हणजे हातोहात" असं जे गृहीत धरलेलं असतं त्याला तडा द्यायला तीन पुरेत.)

मला वाटतं नावाचा उपयोग फक्त एवढाच होतो, की लोक बघायला येतात. लाखो येतात. तिच्या कपाटाचे फोटो बघतात, बाथटब बघतात, मैत्रिणीला पाठवतात. त्यातले विकत घेऊ शकणारे किती? दहा? वीस? आणि त्या वीस जणांना ते घर विकायला आहे हे पेपरात वाचायची गरज नसते, त्यांच्या ब्रोकरने आधीच सांगितलेलं असतं. ज्याच्याकडे २३ मिलियन डॉलर आहेत त्याला स्वतःचं नाव असतं. दुसऱ्याच्या नावाचे जास्तीचे पैसे तो का देईल? बहुतेक घरात शिरल्यावर पहिलं काम तो करणार म्हणजे आधीच्या बाईने हौसेने केलेलं किचन फोडणं.

तोटा मात्र पूर्ण होतो. तुम्ही-आम्ही फ्लॅट काढला आणि दोन महिन्यांनी दहा लाख कमी केले तर कोणाला कळतं? एजंट आणि बायको. डेमी मूरने कमी केले की जगभर मथळा. त्या मथळ्याचा अर्थ घेणारा बरोबर लावतो: थांबा, अजून पडेल. प्रत्येक कपात ही पुढच्या कपातीची जाहिरात होऊन बसते. म्हणजे ज्या प्रसिद्धीसाठी जास्त भाव लावला तीच नंतर भाव पाडते. पहिला आकडा चुकला तर सामान्य माणसाला तो दुरुस्त करता येतो. प्रसिद्ध माणसाला तो चारचौघांत दुरुस्त करावा लागतो.

मग ब्रोकर असा अवाच्या सवा आकडा लावू का देतात? एकतर मालकाला खरं सांगणारा ब्रोकर तेवढ्यावर काम गमावतो, ७५ म्हणणारा दुसरा बाहेर बसलेलाच असतो. आणि दुसरं, घर विकलं गेलं नाही तरी ब्रोकरचं नाव प्रत्येक बातमीत येतं. डेमी मूरचं घर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पुढची दहा श्रीमंत माणसं आपणहून येतात. त्याच्यासाठी ते घर म्हणजे दुकानाच्या काचेत मांडलेला पैठणीचा पुतळा. पैठणी विकायची घाई कोणाला आहे?

तर काका.

फेब्रुवारीत फ्लॅट ३ कोटी १० लाखाला काढला. एजंट काही बोलला नाही, "बघू सर, मार्केट चांगलंय" म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात एक पार्टी आली. नवरा-बायको, दोघं नोकरीवाले, कर्ज मंजूर झालेलं. २ कोटी ५५ देतो म्हणाले. काका हसले. मला फोन करून म्हणाले, "पंचावन्न लाख कमी! तुझ्या त्या शीटमधे काय आहे बघ परत." मी शीट बघितली. शीटमधे ३ कोटी १० होते, कारण मीच घातले होते. मी म्हणालो, काका थांबा.

थांबलो. एप्रिलमधे २.९५, जूनमधे २.८०. पावसाळ्यात कोणी फिरकलं नाही. गणपतीनंतर जे येत होते त्यांचा पहिला प्रश्न घराबद्दल नसायचाच. "इतके महिने का पडलाय? लीकेज आहे का? सोसायटीत काही लफडं?" काकू चहा द्यायची आणि सांगायची की लीकेज नाही हो. स्ट्रीटईझी लागत नाही, एजंट लोकांच्या डोक्यात सगळा इतिहास असतो. ऑक्टोबरात पुण्याच्या बिल्डरची डिमांड नोट आली आणि उशीर झाला तर व्याज लागणार हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

नोव्हेंबरात गेला. २ कोटी ४२. फेब्रुवारीच्या त्या दोघांपेक्षा तेरा लाख कमी, वर बिल्डरचं दीड महिन्याचं व्याज, वर काकांच्या बीपीची गोळी वाढली ती वेगळी. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. काकू बोलली, पण तीही सामान बांधताना, माझ्याकडे न बघता. "त्या पोरीला आवडला होता रे फ्लॅट. बाल्कनीत तुळस ठेवीन म्हणाली होती."

तेरा लाख मी त्यांना देऊ केले. घेतले नाहीत.

परवा काकांचा पुण्याहून मेसेज आला. कुठल्याशा नटाने बांद्र्याचा फ्लॅट विकल्याची बातमी, एवढे एवढे कोटी. खाली एकच ओळ: "गच्ची किती आहे बघ."